गवताखालचं लोखंड

उभ्या गवताला फारसा वास नसतो. ते कापून माळावर आडवं पडतं, दुसऱ्या दिवशीचं ऊन त्याला नीट लागतं, आणि मग दुपारी कधीतरी तो वास येतो. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, थोडा उन्हात तापलेल्या पोत्यासारखा. कार्तिक लागला की चौक गावापासून थेट इर्शाळच्या पायथ्यापर्यंत तो पसरलेला असतो. खळ्यांवर भाताची झोडणी चालू असते, डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं विळे घेऊन माळांवर उतरलेली असतात, आणि वाटांवर गवताने भरलेल्या बैलगाड्या अशा हलत येतात की दुरून गंजीच चालत आल्यासारखी वाटते.

मी वीस वर्षं गवताच्या व्यापारात आहे. मुंबईच्या तबेल्यांना आमच्याकडून गवत जातं. पूर्वी हा वास सुटला की चौकच्या वखारीच्या दारात उभा राहून मी तो छातीभर घ्यायचो. गेली तीन वर्षं तो आला की काहीतरी निमित्त काढून कर्जतला घरी जातो. घरीही तो पोचतोच, माझ्या कपड्यांतून. बायको एकदा म्हणाली, "सर्दी झालीय का तुम्हांला? दर कार्तिकात नाक धरून बसता." मी हो म्हटलं. सर्दी म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

लढाई संपली तेव्हा कल्याणच्या छावणीतला माल लिलावात निघाला होता. तंबू, बूट, दोरखंड, कढया, आणि गाड्या. मी तिथून एक जीप आणली. स्टिअरिंग डाव्या हाताला, अंगावर हिरवा रंग, बॉनेटवर पुसट पांढरा तारा. चारही चाकांना जोर असलेली गाडी आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. जिथे बैल गुडघे टेकायचे तिथे ती बकरीसारखी चढायची. पहिल्या दिवशी इर्शाळच्या माळावर ती नेली तेव्हा कापणीवरची माणसं विळे हातात धरून बघत उभी राहिली. त्या बघण्याची मला चटक लागली. बाकी सगळं त्यातूनच पुढे आलं.

गाडीबरोबर ड्रायव्हरही मिळाला. महादू, लोधिवलीजवळचा. लढाईत आसामच्या बाजूला चार वर्षं त्याने असल्याच गाड्या चालवल्या होत्या. तिशीचा, सडसडीत, बोलायला कमी. दारूला शिवायचा नाही. त्याच्या बायकोचा, यमूचा, बाप दारूत गेलेला. लग्नाच्या आधी तिने दारू पितोस का, हा एकच प्रश्न विचारला होता म्हणे. महादू हे हसून सांगायचा. "बाकी काय नाय विचारलं बघा साहेब तिनं. घर हाय का, शेत हाय का, काय नाय."

नुसती जीप काही दिवसांत मला अपुरी वाटू लागली. लिलावात अजून पुष्कळ सामान होतं. आधी मागे दोन जादा चाकं लटकवली. त्यांच्याखाली लोखंडी पेटी, तिच्यात साखळ्या, पहारी, फावडी. पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळायचं, म्हणून दोन्ही बाजूंना पेट्रोलचे डबे. कापडी छपराच्या वर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा बसवून घेतला आणि त्यावर पाण्याचा ड्रम. यातल्या कशाची गरज होती, हे आज मला विचाराल तर पहार एखादे वेळी लागली असती.

एवढं झाल्यावर चढावर गाडी विचित्र वागू लागली. मागून दबायची, पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकायची, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक भलतीकडेच. एकदा धाऊतात्या मागे बसला होता. धाऊतात्या म्हणजे आमचा सगळ्यात जुना गाडीवान. वखारीतली प्रत्येक बैलगाडी त्याच्या हाताखालून भरून जायची. गाडी भरली की तो जुवाखाली तळहात घालून ते जरासं उचलून बघायचा. जू आपोआप वर येत असेल तर मागे वजन जास्त, म्हणजे गाडी उलार. हाताला फार जड लागलं तर पुढे वजन जास्त, बैलाच्या मानेला काच. मग दोन पेंढ्या इकडच्या तिकडे, आणि पुन्हा तळहात. त्या दिवशी उतरल्यावर जीपच्या मागे उभा राहून तो म्हणाला, "मालक, ही उलार झालीय."

मला ते पटलं. माझी चूक इथे झाली, आणि ती आमच्याच भागातल्या माणसाच्या हातून व्हावी अशी चूक होती. धाऊने मागचं उतरवा असं सुचवलं होतं. मी बैलगाडीचा हिशेब धरला आणि मागे वजन आहे तर पुढेही टाकू, असं ठरवलं. पुढे विंच बसवला, म्हणजे तारेचा जाड दोर गुंडाळलेला लोखंडी रहाट. त्याच्यापुढे बंपर म्हणून लोहाराकडून आगगाडीच्या रुळाचा तुकडा बोल्टांनी आवळून घेतला. मग वखारीच्या अंगणात लांब उभा राहून पाहिलं. गाडी अगदी समतल दिसत होती.

"साधला तोल," मी म्हणालो.

महादू गाडीभोवती एक फेरी मारून आला. "साहेब, बैलगाडीला दोन चाकं. पुढं बैलाची मान हाय, म्हनून तोल बघायचा. हिला चार चाकं हायेत. हिचा तोल आधीच होता."

"मग आता बिघडलं काय? समतलच आहे."

त्याने विहिरीवरून येणारी कावड थांबवली. बांबूच्या दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी. "तात्या, ही खांद्यावर घ्या. त्या आंब्यापर्यंत पळा आन् गर्रकन वळा."

"म्हाताऱ्याला नाचवतोस व्हय रं?"

"चहा पाजतो."

"दोन कप," म्हणत धाऊने कावड घेतली, पाच-सहा पावलं पळाला, वळला. तो वळून थांबला, पण घागरी थांबल्या नाहीत. त्यांनी त्याला आणखी अर्धा फिरवला आणि तो चिखलात बसला. अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. "कावडीनंच मला वळवला की रं!" धाऊ बसल्या जागी म्हणाला.

महादूने घागरी परत भरल्या. "आता दोन्ही पोटाशी धरून पळा." धाऊ पळाला, आंब्यापाशी वळला, नीट परत आला. "वजन तेवढंच हाय साहेब. जागा बदलली. आपन गाडीची कावड केलीय. सरळ रस्त्याला कळायचं नाय. वळनावर कळंल. आन् वर ड्रम हाय तो निराळाच, तो तिला कलंडायला शिकवतोय. ही गाडी हलकी हाय म्हनून चढते. पयली मी बोललो की ती ऐकायची. आता ऐकल्यासारखं करते."

इतकं सोपं करून मला पुढे कोणीही काही शिकवलं नाही. मी काय केलं? हसलो. "बघितलं बघितलं, तात्याला चहा द्या," म्हणालो आणि वखारीत गेलो.

एखादी गोष्ट माहीत नसताना केली तर माणूस स्वतःला कधीतरी माफ करत असेल. मला ती चिखलातल्या धाऊसकट दाखवली गेली होती.

त्यानंतर काही दिवसांनीची गोष्ट. चौकच्या बाजाराचा दिवस होता. दुपार कलत आली होती. माळावर कापणी बघून आम्ही उतरत होतो. महादू स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे धाऊतात्या. निघायच्या आधी महादू म्हणाला, "वरचा ड्रम तरी उतरवू. निदान पानी सांडू. उतार हाय."

मला ड्रम हवा होता. विंच, चाकं, डबे, सगळं हवं होतं. बाजार भरलेला असताना त्या गर्दीतून मला सगळ्या साजानिशी जायचं होतं. हे वाक्य मी तीन वर्षं मनात कितीतरी वेगळ्या शब्दांत मांडून पाहिलं आहे. काम होतं, घाई होती, पाणी लागलं असतं. यातलं काहीच खरं नाही. मला मिरवायचं होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

पहिली दोन वळणं महादूने चालत्या माणसाच्या वेगाने उतरवली. ब्रेक लावला की नाक खाली जायचं आणि तळातून ठक्क असा आवाज यायचा. स्प्रिंगा पार दबल्या होत्या. मी म्हणालो, "अशानं बाजार उठेल. मिलिटरीतला ड्रायव्हर ना तू? की तिथे नुसता गाड्या धूत होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गिअर बदलला.

ऐनाच्या झाडाखालच्या वळणावर समोरून रिकामी बैलगाडी चढत होती. महादूने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं. चाकं वळलेली मी डोळ्यांनी पाहिली. गाडी मात्र सरळच गेली. मग उशिराने, कोणीतरी मागून ढकलावं तशी तिची शेपूट फिरली, वरचा ड्रम घरंगळला, आणि ती एका कुशीवर झोपली. सावकाश. म्हातारं माणूस झोपतं तशी. मला खरचटलंही नाही. महादूच्या कपाळातून रक्त येत होतं. धाऊतात्याचा उजवा पाय लोखंडी सांगाड्याखाली होता. पेट्रोल सांडून गवतात मुरत होतं. तेव्हापासून ते दोन वास माझ्यासाठी एकच झाले.

ज्या बैलगाडीला आम्ही चुकवलं तिच्यातूनच धाऊला चौकच्या दवाखान्यात नेलं. महादू त्याचा पाय मांडीवर धरून बसला होता. बैलगाडी वळणाआड गेली आणि मी, कापणीवरून धावत आलेली वाडीवरची पाच-सहा माणसं, आणि आडवी गाडी एवढेच उरलो.

पुढचा तास मला मिनिटामिनिटाने आठवतो. आधी सगळं लोखंड सोडवलं. विंच, रूळ, सांगाडा, चाकं, पेटी. गाडी उचलायला हलकी व्हावी म्हणून. ते खरंच होतं. गाडी उचलली, चाकांवर उभी केली. मग मी माणसांना ते लोखंड वाटेशेजारच्या गंजीपर्यंत न्यायला सांगितलं. मग त्यावर गवत टाकायला सांगितलं. लोखंड काढलं ते गाडी उचलण्यासाठी. गवत कशासाठी टाकलं, हे त्या माणसांनी मला विचारलं नाही. आठवड्याभरात ती कोळशाच्या भट्ट्यांवर जाणार होती, आणि इथे असती तरी डोंगरातल्या माणसांचा जबाब कोणी घेणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी त्यांच्यासमोर ते केलं. या गोष्टीची लाज मला सगळ्यात उशिरा वाटली. ती वाटायला उशीर लागला याचीही वाटते.

सकाळी पंचनाम्याला जमादार आला. गाडीच्या आजूबाजूला फिरून म्हणाला, "रिकामी गाडी, कोरडा रस्ता, आणि एवढ्याशा वळणावर उलटली? ड्रायव्हर प्यायला होता काय?"

महादू कपाळाला पट्टी बांधून उभा होता. त्याची नजर गाडीच्या नाकावरच्या रिकाम्या भोकांवर गेली. "साहेब, गाडीवरचं सामान?" त्याने मला विचारलं.

"ते उलटायच्या आदल्या दिवशीच उतरवलं होतं," मी म्हणालो.

सैन्यात चार वर्षं राहिलेला माणूस वरच्याला सगळ्यांदेखत खोटा म्हणत नाही, हेही माझ्या उपयोगी पडलं. जमादाराने पुन्हा विचारलं, प्यायला होता का. मी हो म्हणालो नाही. मी म्हणालो, "बाजाराचा दिवस होता. मी काय सांगू?"

त्याने लिहून घेतलं. महादूचं लायसन्स गेलं. त्याआधी त्याची नोकरी गेली, मीच त्याला काढलं. दारुडा ड्रायव्हर कोण ठेवतो?

माघात माळावरच्या गंज्या फोडून गवत वखारीतल्या, गठ्ठे बांधायच्या दाबाच्या यंत्रात घालायला सुरुवात झाली. धाऊतात्या तोवर काठीवर उभा राहू लागला होता. पाय वाकडाच जुळला. मी त्याला वखारीवर राखणदार नेमलं होतं, बसल्या जागचं काम. लोक म्हणाले, मालक देवमाणूस आहे. एका सकाळी तो लंगडत माझ्या बैठकीशी आला. "मालक, गवतात लोखंड हाय. यंत्रात गेलं तर यंत्र मोडंल."

मी मान वर केली नाही. "काढून ठेव मागे."

"ठेवतो," तो म्हणाला, आणि ठेवलं. पोती टाकून झाकलंही. त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांशी फार जपून बोलू लागलो.

बिनलोखंडाची जीप अप्रतिम चालायची. नाक दाखवावं तिकडे वळायची, उतारावर ब्रेकला पाय लागताच थांबायची. ऐनाच्या वळणावर मी तिला मुद्दाम बऱ्याच वेगाने नेऊन पाहिलं. ती सहज वळली, आणि पुढे जाऊन मला ती थांबवून उतरावं लागलं. बसवेना.

मधल्या काळात खालापूरच्या कचेरीवरचं निशाण बदललं. धाऊ म्हातारा झाला. या कार्तिकात पहिलं गवत आलं त्या दिवशी एक नवा गाडीवान जुवाखाली तळहात घालून तोल बघत होता. धाऊ बसल्या जागी ते बघत होता, मी त्याला बघत होतो. तो सहज बोलावं तसं बोलला. "मालक, माझं आता काय खरं नाय. मी गेलो की ते लोखंड ठावं असनारे इथं तुमी येकलेच."

इतके दिवस त्या ओझ्याचं एक टोक त्याने धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी विंच आणि रुळाचा तुकडा जीपच्या मधोमध घालून मी लोधिवलीकडे गेलो. महादू आता भाड्याची बैलगाडी हाकतो. विटा, भात, मिळेल ते. अंगणात बैलांना पाणी दाखवत होता. जीपचा आवाज ऐकून वळला. त्याने आधी गाडी पाहिली, मग मला.

"परत बसवलंत काय ते?"

"नाही. दाखवायला आणलंय. कचेरीत." आणि मी सगळं सांगितलं. गंजी, पंचनामा, धाऊ. त्याला माहीत नसलेलं त्यात फारसं काही नव्हतं. तो बादली धरून ऐकत राहिला. "कचेरीत जबाब देतो. लायसन्ससाठी अर्ज देतो. तू म्हणशील ते करतो."

"लायसन राहू द्या साहेब. आधी घरात चला."

"घरात?"

"यमूला सांगा. मी रोज घरी येतो तवा ती काय बोलत नाय. पानी देते. पन देताना वाकून माझं तोंड हुंगते. तीन वरसं झाली. मी सांगून बघितलं. दारू पिनाराही तेच सांगतो ना."

यमू ओटीवर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच बोललो. माझ्या वयाच्या माणसाने त्या वयाच्या बाईसमोर असं उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, पण बसा असं कोणी म्हटलं नाही. मी म्हणालो, हा त्या दिवशी प्यायला नव्हता. कधीच नव्हता. गाडी माझ्या लोखंडाने उलटली आणि मी ते लपवलं.

तिचे हात सुपावर थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तीन वरसं मी या मानसाचं तोंड हुंगलं," ती म्हणाली. "तुमचं कुनी हुंगलं?"

ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन आली, महादूच्या हातात दिला, आणि तो पीत असताना पाठ करून उभी राहिली. तो तोंड पुसून म्हणाला, "अगं, बघ की इकडं." ती वळली नाही. तिचे खांदे हलत होते.

खालापूरला जबाब झाला. कारकुनाने दोनदा विचारलं, आता कशाला सांगता? तीन वर्षांनी? मी म्हणालो, लिहून घ्या. लायसन्स परत मिळेल की नाही ते वरून कळायचं आहे. अजून कळलेलं नाही. माझ्यावर काय होईल तेही नाही. चौकच्या बाजारात मात्र कळलं आहे. परवा मी तिथून चालत गेलो तेव्हा लोकांनी हातातली कामं थांबवून पाहिलं. मला हवं होतं तसं.

पण मला सांगायचं आहे ते कचेरीत जाण्याआधीचं. महादू जीपमध्ये बसायला तयार झाला नाही. "माझ्या गाडीतनं जाऊ," म्हणाला. आम्ही दोघांनी विंच आणि रूळ उचलून त्याच्या बैलगाडीत घातले. त्याने ते ढकलत ढकलत बरोबर आसावर आणून ठेवले, खाली गवत टाकून घट्ट बसवले. वर काही टाकलं नाही. मी मागच्या कडेला, पाय खाली सोडून, जरा अंग चोरून बसलो. पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसायचा धीर होत नव्हता.

बैल जुंपण्याआधी त्याने जुवाखाली तळहात घातला. धाऊतात्या घालायचा तसाच. जू त्याच्या हातातून वर आलं.

"साहेब, उलार होतीय," मागे न बघता तो म्हणाला. "पुढं सरका."

मी सरकलो. गुडघ्याला लोखंड लागलं.

"आजून."